पावडर डे नेमका कुणाचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मूळच्या ठाण्याच्या एक वाचक सहा वर्षांपासून अमेरिकेत, यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या उपनगरात राहतात. वय एक्केचाळीस. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने नवऱ्याने स्कीइंग सुरू केलं आणि आता त्याला त्याचं वेडच लागलंय. अकरा वर्षांची मुलगी बाबांबरोबर जाऊन जाऊन चांगली तयार झाली आहे. सात वर्षांच्या मुलाला मात्र ते अजिबात आवडत नाही. बाईंनी स्वतः थोडं प्रशिक्षण घेतलं; हिरव्या खुणेचे सोपे उतार आणि काही निळे, म्हणजे मध्यम अवघड उतार त्यांना जमतात. 'ऊन असलं, गर्दी नसली की मला मजा येते,' असं त्या पत्रात मध्येच एका ओळीत लिहून जातात. पण घरातला दंडक असा की रात्री भरपूर बर्फ पडला की पहाटे पाचला चौघांनी उठायचं आणि डोंगर गाठायचा, कारण 'पावडर डे', म्हणजे ताज्या, भुसभुशीत बर्फाचा (पावडरचा) दिवस, 'चुकवायचा नसतो'. आदल्या रात्री अकरापर्यंत जागून मोजे, डबे भरणं हेही बाईंनी आपल्या कामांच्या यादीत लिहिलंय. गेल्या जानेवारीत अशाच एका दिवशी, फूटभर ताज्या बर्फात त्या पडल्या. एक स्की पायातून निघून बर्फाखाली गेली, ती सापडायला अर्धा तास लागला. मुलगी थंडीत ताटकळली, मुलगा रडला, आणि नवरा म्हणाला, 'अगं, पावडरमध्ये पडलं तरी लागत नाही, उगाच घाबरतेस.' परतताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. आता नवऱ्याला पुढच्या मोसमासाठी चौघांचे पास घ्यायचे आहेत. मुलीला बाबांबरोबर झाडांमधल्या पावडरमध्ये जायचंय. आई 'नको' म्हणते म्हणून बापलेक तिला भित्री म्हणतात. त्यांचा प्रश्न: घरच्यांसाठी भीती गिळून हे करावं, की 'तुम्ही जा' म्हणून घरात फूट पाडणारी ठरावं? ता. क. मध्ये विचारलंय की सासूबाई पुढच्या हिवाळ्यात नाशिकहून येणार आहेत, त्यांना डोंगरावर नेणं बरं का?

नमस्कार,

आधी तुमच्या नवऱ्याचं ते वाक्य तपासू. 'पावडरमध्ये पडलं तरी लागत नाही.' खोटं नाही ते. तुमच्या वॉसाच डोंगररांगेतला बर्फ खरोखरच हलका असतो. त्यात पाण्याचा अंश सरासरी आठ-साडेआठ टक्के, म्हणजे फूटभर बर्फ वितळवला तर जेमतेम इंचभर पाणी मिळेल. राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'पृथ्वीवरचा सर्वोत्तम बर्फ' अशी जाहिरात उगाच नाही मिरवत. त्यात पडलं की खरंच फारसं लागत नाही. पण पडल्यावर उठायचं कसं, हे त्या वाक्यात कुठे आहे? हात टेकायला जावं तर खांद्यापर्यंत आत, काठी रोवावी तर मुठीपर्यंत आत. पडून दुखत नाही, उठताना मात्र जीव जातो. जो माणूस क्वचितच पडतो त्याला यातलं पहिलंच माहीत असतं.

आता तुमचं काय चुकलं ते पाहू, म्हणजे काहीच चुकलं नाही हे कळेल. तुम्हाला वर्गात शिकवली असेल ती पद्धत अशी: दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, मुलांच्या भाषेत 'पिझ्झा'. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर या पिझ्झाने वेग कमी होतो, कारण स्कीच्या कडा कडक बर्फाला खरवडतात. फूटभर पावडरमध्ये खरवडायला खाली काही नसतंच. दोन स्कींच्या मधे बर्फ साचतो, उजवी स्की एकीकडे बुडते, डावी दुसरीकडे, आणि मधे तुम्ही. चिखलणी केलेल्या भाताच्या खाचरात गमबूट घालून चालून बघितलंय कधी? पाय वर येतो, बूट आतच राहतो. तुमची स्की गेली ती अशीच.

पावडरमध्ये लागतं ते जवळजवळ उलट. दोन्ही स्की समांतर आणि एकमेकींजवळ, दोन्ही पायांवर सारखा भार, शरीराची एका लयीत खाली-वर हालचाल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेग. थोडा वेग असला तर स्की बर्फावर तरंगते, नाहीतर बुडते. नवख्या माणसाचं शरीर नेमकं हेच करायला नकार देतं. घाबरलं की ते मागे रेलतं, वेग तोडू पाहतं, मांड्या पेटतात, आणि मग पडतं. याला भित्रेपणा म्हणत नाहीत. शिकवलं होतं तेच शरीराने केलं. जागा चुकीची होती आणि दिवसही चुकीचा.

मला या सगळ्या पत्रात खटकलं ते इथे. स्कीइंगमध्ये कसलेल्या माणसाचा सर्वोत्तम दिवस हा शिकाऊ माणसाचा सर्वात वाईट दिवस असतो. एकाच डोंगरावर, एकाच सकाळी. यंत्रं रात्री उतार सपाट करतात, पण त्यानंतर पहाटे बर्फ पडला तर हिरव्या उतारावरही जाड थर असतो. वर ढग उतरलेले, उजेड असा की चढ कुठला, उतार कुठला, खड्डा कुठला, सगळं एकाच पांढऱ्यात मिसळलेलं. दहा-अकराच्या सुमाराला शेकडो लोकांनी तो थर तुडवून त्याचे ढीग केलेले असतात आणि मग तर नवख्या पायांची परीक्षाच. म्हणजे तुमच्या घरात वर्षातले जे दिवस 'कौटुंबिक' म्हणून ठरलेत, ते चौघांपैकी दोघांना सगळ्यात कठीण जाणारे दिवस आहेत. याला कौटुंबिक दिवस म्हणायचं कसं? तो तुमच्या नवऱ्याचा दिवस आहे. चांगला आहे, त्याच्या हक्काचाही आहे. पण तो त्याचा आहे.

तुम्ही प्रश्न मांडलाय तो धैर्याचा: भीती गिळायची की नाही. मला तो वेळापत्रकाचा वाटतो. आणि तुमच्या मनात आणखी एक गृहीत आहे, की कुटुंबाने एकत्र स्कीइंग करायचं म्हणजे चौघांनी एकाच उतारावरून एकामागोमाग खाली यायचं. त्या डोंगरावर कुठल्याही शनिवारी जरा निवांत बघा. वर्षानुवर्षं येणारी कुटुंबं सकाळी फुटतात आणि दुपारी जेवायला भेटतात. कुणी डोंगरावर नेणाऱ्या वरच्या लिफ्टवर, कुणी शिकवणीत, कुणी लॉजच्या खिडकीपाशी पुस्तक घेऊन. त्यांच्यात कुणी कुणाला 'फूट पाडली' म्हणत नाही. आपल्याकडे मात्र 'सगळे मिळून' या दोन शब्दांचा धाक फार. सहल म्हणजे सगळ्यांनी, देवदर्शन म्हणजे सगळ्यांनी, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्यानेही.

आता तुमची ती एक ओळ. ऊन असलं, गर्दी नसली की मजा येते. ही ओळ तुम्ही ओझरती लिहिलीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. स्कीइंग तुम्हाला आवडतं. वादळानंतरची, चार लोकांच्या नजरेखालची, घड्याळ लावून केलेली धडपड आवडत नाही. तेव्हा 'स्की करू की सोडू' असा निवाडा करायची गरजच नाही. वादळ सरून दोन दिवस झाले की आकाश निवळतं, उतार पुन्हा दाबून सपाट होतात, पावडरमागे धावणारे लोक कामावर परतलेले असतात. तुम्हाला आठवड्याच्या मधल्या वारी अर्धा दिवस मोकळा काढता आला तर त्या उन्हात जा. नवऱ्याकडून शिकू नका. तो चांगला शिकवत नसेल असं नाही, पण त्याच्यापुढे तुम्ही विद्यार्थिनी राहत नाही, बायकोच राहता, आणि प्रत्येक पडण्याला एक संसारी अर्थ चिकटतो. मोठ्यांसाठी गटाने शिकवायचे वर्ग असतात. तिथे तुमच्यासारख्याच चाळिशीच्या, धापा टाकणाऱ्या, हसणाऱ्या बाया भेटतील.

आणि कधीतरी पावडरचीही चव घ्यावीशी वाटली तर? घ्या, पण काठाकाठाने. तीन-चार इंचच ताजा बर्फ असेल त्या दिवशी, सपाट केलेल्या उताराच्या कडेने, म्हणजे दोन वळणं ताज्यात आणि नको झालं की लगेच परत कडक बर्फावर. त्या दिवसापुरत्या रुंद स्की भाड्याने घ्या. दुकानात 'पावडर स्की' म्हटलं की देतात, त्या तरंगतात जास्त. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नका. पडलात तर दोन्ही काठ्या फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या ठेवून त्या फुलीच्या मध्यावर जोर देऊन उठायचं. स्की हरवली तर जिथे तुम्ही थांबलात तिथे न शोधता, जिथे पडायला सुरुवात झाली तिथे, उताराच्या वरच्या अंगाला शोधायची. दुसऱ्या स्कीची शेपटी बर्फात आडवी फिरवत जायची, उभी भोसकत नाही. स्कीला बांधायच्या लांब रंगीत फितीही मिळतात. त्या असत्या तर तुमचा अर्धा तास पाच मिनिटांत आटपला असता.

मुलीचा प्रश्न मात्र मी वेगळा काढते, कारण तुम्ही दोन भीती एकाच पिशवीत भरल्या आहेत. स्वतःविषयीची भीती ही कौशल्याची बाब आहे. झाडांमधल्या पावडरविषयीची तुमची भीती रास्त आहे, आणि त्या बाबतीत तुम्हाला भित्री म्हणणाऱ्या दोघांनी थोडं ऐकून घ्यावं.

सूचिपर्णी झाडांच्या फांद्या खालपर्यंत आलेल्या असतात. त्या फांद्यांमुळे खोडाच्या भोवती बर्फ भरत नाही, पोकळी राहते, आणि वरून मात्र सगळं सारखंच गुबगुबीत दिसतं. स्की करणारा झाडाला फार लगटून गेला तर तो या पोकळीत डोकं खाली, पाय वर असा पडू शकतो. वरचा सैल बर्फ मागोमाग ढासळतो. उलटा अडकलेला माणूस स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं. जितकी धडपड, तितका बर्फ खाली येतो. श्वास कोंडतो. हे हद्दीबाहेरच्या रानात घडतं असं नव्हे, तिकीट काढून गेलेल्या रिसॉर्टच्या हद्दीत घडतं, आणि भरपूर बर्फ पडल्यानंतरच्या दिवसांत घडतं. तुमच्या लेकीची उंची लक्षात घ्या. बापाच्या गुडघ्यापर्यंतचा बर्फ तिच्या मांडीपर्यंत असतो.

तरीही मी 'जाऊ देऊ नका' म्हणणार नाही. तिथली मुलं झाडांत जातातच, आणि अकराव्या वर्षी डोंगर नीट शिकलेली मुलगी पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर जाताना जास्त सुरक्षित असते. नवऱ्याला 'मला भीती वाटते' असं सांगू नका, त्यावर त्याच्याकडे ठरलेलं उत्तर आहे. प्रश्न विचारा. झाडांत पुढे कोण असणार आणि मागे कोण? (मूल पुढे, मोठा माणूस मागे. खोल बर्फात उतार चढून परत वर जाणं फार कठीण असतं. बाप खाली पोचला आणि लेक वर अडकली तर तो तिच्यापर्यंत वेळेत पोचणार नाही.) नजरेआड होऊ नये म्हणून किती वळणांनंतर थांबायचं? तिच्या जाकिटाच्या चेनला शिट्टी आहे का? काठ्यांचे पट्टे काढलेत का? स्की पेट्रोलचा, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाचा नंबर दोघांच्या फोनमध्ये आहे का? कुणी पोकळीत पडलं तर दुसऱ्याने काय करायचं? याचं उत्तर असं: अडकलेल्याला सोडून मदत आणायला जायचं नाही. शिट्टी वाजवायची, हाक मारायची, फोन करायचा, आणि लगेच बाजूने खणत तोंडापर्यंत पोचायचं. पायाला धरून ओढायचं नाही. पडणाऱ्याने खोड किंवा फांदी घट्ट पकडून डोकं वर ठेवायचा प्रयत्न करायचा, आणि गाडलं गेलंच तर हाताने तोंडापुढे जागा करायची. हाती असतात ती पहिली दहा-पंधरा मिनिटं.

ज्याने यावर विचार केलाय तो माणूस ही उत्तरं दोन मिनिटांत देईल, आणि मग तुम्ही 'जा' म्हणा, मनापासून म्हणा. आणि 'काही होत नाही गं' एवढंच उत्तर आलं, तर तुमचं 'नको' त्या हिवाळ्यापुरतं कायम.

एक गोष्ट मात्र वाटाघाटीची नाही. रिसॉर्टच्या हद्दीची दोरी ओलांडायची नाही. रिसॉर्टच्या हद्दीत सकाळी पेट्रोलची माणसं स्फोटकं लावून हिमकडे आधीच पाडतात, म्हणून तर पावडरच्या दिवशी वरच्या लिफ्टा उशिरा उघडतात. दोरीपलीकडे किंवा हद्दीच्या फाटकाबाहेर ते काम कुणी केलेलं नसतं. तिथे जाणाऱ्याकडे बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र, लांब सळई, फावडं आणि ती वापरायचं शिक्षण लागतं. यूटा अ‍ॅव्हलांच सेंटर हिवाळाभर रोज सकाळी धोक्याची पातळी जाहीर करतं, पाच पायऱ्यांची. पाचला उठवणाऱ्याने आधी ते वाचावं, मग चहा टाकावा.

पहाटे पाचचं काय करायचं? लिटल कॉटनवूड कॅन्यन या घाटातून आल्टा आणि स्नोबर्ड या स्की रिसॉर्टना जाणारा तो २१० क्रमांकाचा रस्ता हिमस्खलनाच्या साठाहून अधिक वाटांखालून जातो. मोठा बर्फ पडला की सकाळी तो बंद ठेवून वरचे कडे पाडतात, आणि खाली गाड्यांची रांग लागते. ब्रेकच्या दिव्यांच्या त्या रांगेला तिथले लोक लाल साप म्हणतात. त्या सापाच्या पोटात सात वर्षांच्या मुलाला दोन तास बसवून वर 'मजा कर' म्हणायचं, हे जरा जास्तच होतं. शिवाय आल्टा गावात हिमस्खलनाचा धोका फार वाढला की लोकांना इमारतीबाहेर पडायलाच कायद्याने बंदी करतात. २०२१च्या फेब्रुवारीत अशी बंदी सुमारे ६० तास चालली होती. २०२२-२३च्या मोसमात तर तिथे ९०३ इंच बर्फ पडला, म्हणजे ७५ फूट! तेव्हा वादळाच्या दिवशी कुणीही वर जाणार असेल तर रोजची औषधं, एक जादा कपड्यांचा जोड आणि खायला काहीतरी गाडीत हवंच. टायर बर्फाचे हवेत, नाहीतर घाटाच्या तोंडाशीच परत पाठवतात. नवरा आणि मुलगी बसने किंवा मित्राच्या गाडीने गेले तर घरची गाडी तुमच्याकडे राहील, आणि सकाळी नऊला तुमचा मूड काय आहे ते बघून तुम्ही ठरवाल.

मुलाबद्दल थोडक्यात सांगते. त्याला नेमकं काय आवडत नाही ते त्याला विचारा, आणि घरी विचारा, डोंगरावर नको. पुष्कळदा मुलांना स्कीइंग नको नसतं. बूट नडगीला बोचतो, ओल्या हातमोज्यात बोटं बधिर होतात, गॉगलवर वाफ धरून काही दिसत नाही, आणि हे सांगायला शब्द नसतात म्हणून ती रडतात. हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड खिशात ठेवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर एक हिवाळा सुट्टी द्या. 'पैसे भरलेत' हे कारण सात वर्षांच्या मुलाला पटत नाही, पटूही नये. मिडवेजवळ सोल्जर हॉलोला बर्फावरून ट्यूबमध्ये बसून घसरायची सोय आहे. २००२च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या सपाटीवरच्या स्की शर्यती तिथेच झाल्या होत्या. तिथे तुम्ही त्याच प्रकारच्या बारीक, हलक्या स्की घालून पाहा. उतारावरून घसरण्यापेक्षा ते झपझप चालण्याच्या जवळचं आहे, आणि ठाण्यात रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्यांना ते आवडतं असा माझा कयास आहे.

आता नवऱ्याशी बोलणं. चाळिशीत एखादी नवी गोष्ट शिकून तिच्या प्रेमात पडणारा माणूस मला आवडतो. परक्या देशात ऑफिस आणि कर्जाचे हप्ते सोडून त्याला आपलं असं काहीतरी सापडलंय, आणि जे आपल्याला सुंदर वाटतं ते घरच्यांनी बघावं अशी त्याची धडपड आहे. कदाचित त्याला तुमचं स्कीइंग नकोच असेल, तुमचा होकार हवा असेल. पहाटे एकट्याने निघताना आपण घर टाकून चाललोय असं वाटू नये, म्हणून तो सगळ्यांना उठवत असेल. हा माझा अंदाज, चुकीचाही असेल. पण तुम्ही त्याला हे विचारून बघा: 'मी खुशीने जा म्हटलं, तर तू खुशीने जाशील का?'

हे बोलणं वादळाच्या आदल्या रात्री नको, गाडीत तर नकोच. बर्फाचा अंदाज नसलेल्या एखाद्या आठवड्यात, जेवण झाल्यावर. आणि असं काहीतरी म्हणा: 'पावडरचे दिवस तुझे. उन्हाचे रविवार आपल्या चौघांचे. आणि तुझ्या प्रत्येक पावडरच्या सकाळीमागे मला एक सकाळ माझी हवी.' शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की पाचला उठवणारा एक असला तरी रात्री अकरापर्यंत जागून मोजे, हातमोजे, थर्मॉस आणि डबे भरणारी दुसरीच आहे. तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, कामांच्या यादीत लिहिलंय, म्हणून मला जास्त दिसलं. ज्याचा दिवस, त्याने पिशवी भरायची. अकरा वर्षांच्या मुलीलाही स्वतःची पिशवी भरता येते.

पासचं गणित भावनेवर सोडू नका. गेल्या मोसमात कोण किती दिवस गेलं ते कागदावर लिहा आणि तेवढ्या दिवसांच्या सुट्या तिकिटांशी पासची किंमत ताडून बघा. नवरा आणि मुलीचा पूर्ण पास बहुतेक वसूल होईल. आयकॉन किंवा एपिकसारख्या अनेक डोंगरांवर चालणाऱ्या पासांचे थोड्या दिवसांचे प्रकारही असतात. तुमच्यासाठी तो, किंवा पासऐवजी तेच पैसे शिकवणीत. मुलाचा पास या वर्षी नको. पास वसंतात स्वस्त असतात आणि हिवाळा जवळ येईल तसे महाग होतात, म्हणून नवऱ्याची घाई समजण्यासारखी आहे. पण चौघांचे पास घेतले की 'आता घेतलाय तर चल' हे वाक्य पुढचा सगळा हिवाळा ऐकावं लागेल, तेही किमतीत धरा.

महाराष्ट्रातून जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जाणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंच लागू आहे. तिथला पावडरही नावाजलेला आहे, पण सपाट करून राखलेले उतार थोडेच. गावाजवळचे शिकाऊ उतार कुटुंबासाठी पुरेसे आहेत. अफरवत डोंगराच्या माथ्याजवळ जाणाऱ्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून लोक खाली स्की करत येतात म्हणून आपणही मुलांना घेऊन उतरावं, असं नाही. २०२३च्या फेब्रुवारीत अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. हे सगळे बर्फाला सरावलेले लोक होते. वरून दृश्य बघा, फोटो काढा आणि गोंडोलानेच खाली या.

राहिल्या सासूबाई. न्या की त्यांना, पण वादळाच्या दिवशी नको. आल्टाच्या पायथ्याशीच उंची साडेआठ हजार फूट आहे आणि नाशिकहून आलेल्या माणसाला सॉल्ट लेकचे चार हजार फूटसुद्धा पहिल्या आठवड्यात जाणवतात. आल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या, रक्तदाब किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि मग निरभ्र दिवशी अकराच्या सुमाराला निघा. पाणी पीत राहायला सांगा. लॉजमध्ये घरचा डबा खाता येतील अशी टेबलं बहुतेक ठिकाणी असतात. संक्रांतीच्या आसपास गेलात तर तिळाच्या वड्या सगळ्यांच्या खिशात टाका. थंडीत चॉकलेटचा दगड होतो, वडी आधीच दगड असते. सासूबाईंच्या पायात रबरी, खाचांच्या तळाचे बूट हवेत आणि डोळ्यांवर गडद चष्मा. ताज्या बर्फावरून परतणारं ऊन फार झोंबतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर निघण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.